बर्न म्हणजे नुसतं जळणं नाही, या चुका टाळा

आपल्याकडं भाकरी करपते, तव्यावर बोट भाजतं, उन्हात पाय पोळतात, छातीत जळजळतं आणि इंग्रजीवाल्यांचं सगळं एका बर्नमध्ये भागतं. सोपं वाटतं ना, पण उलटीकडून घोटाळा होतो, आपण जिथं जिथं जळणं-पेटणं म्हणतो तिथं सगळीकडं बर्न चालत नाही.

माझीच फजिती सांगतो. सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला बाहेरचा पाहुणा आलेला, त्याला मी ऐटीत सांगितलं की संक्रांतीला होम मैदानावर 'दे बर्न द होम'. तो घाबरून विचारतो, कुणाचं घर?! एक तर होमचा घोळ, त्यात बर्न म्हणजे जाळून टाकणं. होम, दिवा, उदबत्ती, गॅस यांना लाइट म्हणायचं, भूतकाळात लिट. 'दे लिट द सेक्रेड फायर', विषय संपला.

दुसरी चूक तर रोज ऐकतो, 'ही बर्न्स ऑन मी', म्हणजे तो माझ्यावर जळतो. तसं नसतं ओ, 'ही इज जेलस ऑफ मी' म्हणा. बर्न घालायचाच असेल तर 'बर्निंग विथ जेलसी', म्हणजे बर्नमागं कशानं जळतो ते येतं, कुणावर ते नाही.

चहानं जीभ भाजली तर 'आय बर्न्ट माय टंग', तिखटानं आग होत असेल तर 'माय माउथ इज बर्निंग'. वाफेनं किंवा उकळत्या पाण्यानं भाजलं तर स्काल्ड हा वेगळा शब्द आहे. बर्न्ट का बर्न्ड यावर भांडू नका, दोन्ही बरोबर, अमेरिकेत बर्न्ड जास्त.

आता लाक्षणिक. एक रात्र जागून 'आय ॲम बर्न्ट आउट' म्हणू नका, ते महिनोन्महिने कामानं पिळून निघालेल्या माणसाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटला कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं, आजार नाही. रात्र जागून काम केलं असेल तर 'बर्न द मिडनाइट ऑइल', दिव्याच्या तेलाच्या काळातलं आहे ते.

आणि 'बर्न युवर ब्रिजेस' म्हणजे परतीचे दोर कापणं असं सगळे शिकवतात. अर्थ जुळतो, पण आपल्या दोर कापण्याला सिंहगडाचा वास आहे, मागं फिरायचंच नाही असा. इंग्रजीत बहुतेक वेळा साहेबाला चार शिव्या देऊन राजीनामा फेकणाऱ्याला असं म्हणतात, त्यामुळं इंटरव्ह्यूत 'आय बर्न्ट माय ब्रिजेस' छाती फुगवून सांगू नका, समोरचा फाईल मिटेल.