सोलरचं पाणी सकाळी कोमट येतंय?

पुण्यात पावसाळी ढगांचे दिवस सोडले तर गच्चीवरचा सोलर वर्षभर छान चालतो. तरीही सकाळी पाणी कोमट येत असेल, तर प्लंबरला बोलावण्याआधी तो चालतो कसा ते बघा. काचेच्या नळ्यांत तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वरच्या टाकीत चढतं आणि गार पाणी त्याच्या जागी खाली उतरतं. पंप लागत नाही. आपण नळ सोडला की जेवढं गरम पाणी बाहेर येतं, तेवढंच गार पाणी टाकीच्या तळाशी शिरतं. सकाळी शिरलेलं पाणी दिवसभराच्या उन्हात तापतं, रात्री शिरलेलं मात्र गारच राहतं. म्हणून भांडी-कपड्यांसाठी सोलरचं पाणी सकाळच्या अंघोळी उरकल्यावर घ्या, रात्री नको.

बाथरूममधला मिक्सरही तपासा. हँड शॉवर त्याच्या बटणाने बंद करून मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवले, तर गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं. सोसायटीत एका फ्लॅटमधल्या या सवयीने सगळ्या मजल्यांना कोमट पाणी मिळतं, आणि दोष सोलरला दिला जातो!

नळ्यांवरची धूळ पुसायची ती भल्या सकाळी. आणि पाणी बंद असल्यामुळे नळ्या रिकाम्या होऊन उन्हात तापल्या असतील, तर भर दुपारी त्यांत गार पाणी अजिबात सोडू नका, काच तडकते. संध्याकाळी त्या निवल्यावरच भरा.