चौकटीला सेकंद नसतात: कॉमिकवरून नॉयर, म्हणजे काळोख्या गुन्हेकथेची फिल्म करू पाहणाऱ्यांसाठी

कॉमिक हातात आहे, काळंपांढरं आहे, पानोपानी रक्त आहे आणि सावल्या अशा पडल्यात की उठून आत्ताच कॅमेरा लावावा. मग स्टोरीबोर्ड, म्हणजे शूटिंगआधी काढलेली शॉटची चित्रं, कशाला हवा, चित्रकाराने तो काढूनच ठेवलाय की! हे वाक्य तुमच्या मनात आलं असेल तर कृपा करून इथेच थांबा. याच वाक्यापायी माझे चौदा महिने आणि घरून घेतलेले दीड लाख रुपये गेले.

कॉमिक माझ्या कॉलेजमधल्या मित्राचं. चाळीस पानं, सूडाची गोष्ट, एका जुन्या इमारतीत एका रात्रीत घडणारी. मी तेव्हा ‘सिन सिटी’ने भारले होते. रॉबर्ट रॉड्रिग्ज आणि फ्रँक मिलर यांची २००५ची फिल्म, मिलरच्याच कॉमिकवरून केलेली. कॅमेरा डिजिटल, शूटिंग टेक्सासमधल्या ऑस्टिनला, जवळपास सगळं हिरव्या पडद्यासमोर, मागचं दृश्य नंतर संगणकावर जोडायचं. बारसारखे मोजकेच सेट खरे बांधलेले. पानावरची चौकट आणि पडद्यावरची फ्रेम शेजारी ठेवून दाखवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. मी त्यांची पारायणं केली आणि सरळ निष्कर्ष काढला: चौकट उचलायची, शॉट लावायचा. पुण्यात नऱ्ह्याजवळ गोडाऊन भाड्याने घेतलं, रविवार पेठेतून हिरवं कापड आणलं, मित्राच्या चौसष्ट चौकटी निवडल्या आणि चौसष्ट शॉट घेतले.

आता मी जिथे फसले ते. हे लांबण लावून सांगणार आहे, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

सतराव्या पानावर एक चौकट आहे. लाकडी जिना, कठड्यावर एक हात, अर्धा चेहरा पूर्ण काळा. वर मजकूर: ‘पाऊस थांबला होता. पण जिन्यातल्या पाण्याचा आवाज थांबला नव्हता. आणि त्या आवाजात आणखी कुणाचे तरी पाय होते.’ मनात वाचायला मला चार सेकंद लागतात. आमच्या नटाने त्याच ओळी माइकवर जड, संथ आवाजात म्हटल्या तेव्हा अकरा सेकंद झाले. म्हणजे पडद्यावर अकरा सेकंद तो कठड्यावर हात ठेवून उभा. पापणी लवते, श्वासाने कोट हलतो, आणि मागून आवाज सांगतोय की पाऊस थांबला. पानावर याच चौकटीने अंगावर काटा आला होता. पडद्यावर मात्र एक माणूस फोटो काढून घ्यायला उभा होता.

असं का होतं? चौकटीला सेकंद नसतात. चित्र आधी पाहायचं की मजकूर, चित्रावर परत यायचं का, किती रेंगाळायचं, हे सगळं वाचक ठरवतो. प्रत्येक वाचकाचा वेळ वेगळा आणि त्याच्यापुरता तो अगदी बरोबर. फिल्ममध्ये तो हक्क प्रेक्षकाकडे राहत नाही, तुमच्याकडे येतो. प्रत्येक शॉट किती टिकणार हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि त्याचं उत्तर पुस्तकात कुठेही लिहिलेलं नसतं.

दुसरं, दोन चौकटींमधली ती कोरी पट्टी. एका चौकटीत सुरा वर उचललेला. पुढच्या चौकटीत भिंतीवर सावली आणि शिंतोडे. वार कुठे आहे? पट्टीत. तो वार वाचक स्वतः करतो, म्हणून हिंसक कॉमिक इतकं आत लागतं. मी या दोन चौकटी दोन शॉट म्हणून जोडल्या. पहिला कट वीसेक जणांना दाखवला तेव्हा नेमकं तिथेच एकाने विचारलं, ‘फाइल अडकली का?’ मी त्या रात्री घरी जाऊन लाइट न लावता बसून राहिले.

मग ‘सिन सिटी’ला हे कसं जमलं? ते मला उशिरा दिसलं. तिथल्या फ्रेम चौकटीसारख्या आहेत, पण फिल्म त्यांच्यात थांबत नाही. शॉट चौकटीत येऊन पोचतो आणि तिथून निघतो. आत पाऊस पडत असतो, कोट उडत असतो, गाडी धावत असते, त्यावरून आवाज वाहतो. ड्वाइट आणि मेलेला जॅकी बॉय या दोन पात्रांचा गाडीतला प्रसंग पाहा. तो क्वेंटिन टॅरंटिनोने पाहुणा दिग्दर्शक म्हणून केला. एक माणूस गाडी चालवतोय, शेजारी प्रेत. पानावर ही न हलणारी माणसं आहेत. पडद्यावर तो प्रसंग बोलण्याच्या लयीवर चालतो. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हार्टिगन या पोलिसाची कथा पुस्तकात सलग आहे, फिल्ममध्ये ती तोडून निम्मी सुरुवातीकडे आणि निम्मी शेवटाकडे ठेवली आहे. पुस्तकाशी सर्वांत इमानदार म्हणून जिचं नाव घेतात, तिनेही वेळ स्वतःच्या हिशेबाने मांडला.

इमान राखायचं नसेल तर तोही रस्ता मोकळा आहे. पार्क चान-वूकची ‘ओल्डबॉय’ (२००३) जपानी मांगावरून, म्हणजे तिथल्या कॉमिकवरून आहे, पण नायकाला कोंडण्यामागचं कारणच तिथे बदललं आहे. कॉरिडॉरमधली ती हातोड्याची मारामारी मात्र बघा: बाजूने, एका सलग शॉटमध्ये, कॅमेरा आडवा सरकत जातो. चौकटींची अख्खी पट्टी एका दमात वाचल्यासारखी वाटते. तीन दिवस, सतरा टेक. वेळेचा प्रश्न कट न करताही सुटतो, हे मला त्या शॉटने शिकवलं.

तेव्हा शूटिंगच्या आधी एवढं कराच. चौकटींचे फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर टाका. मजकूर स्वतःच्या आवाजात, मोठ्याने, नट ज्या संथपणे म्हणेल तितक्याच संथपणे रेकॉर्ड करून खाली लावा. मग बघा. जिथे चित्र आवाजाची वाट पाहत थांबतं तिथे ओळ कापा किंवा त्या वेळात माणसाला काहीतरी करायला द्या. चित्र किंवा आवाज जे सांगतोच आहे ते व्हॉइसओव्हरमध्ये ठेवू नका. जिन्याच्या प्रसंगातल्या तिन्ही ओळी आम्ही शेवटी काढल्या, कारण पाऊस थांबणं, पाणी आणि पावलं ही तिन्ही ऐकवता येतात. त्या जागी मित्राने एकच ओळ नवी लिहिली: ‘तिला मी परत येईन म्हणालो होतो.’ ही ओळ कुठलाही कॅमेरा दाखवू शकत नाही. एक रात्र पुरते या कामाला, खर्च शून्य. मी ती रात्र वाचवली होती.

काळ्यापांढऱ्याबद्दल थोडक्यात. नेटवरून ‘नॉयर लट’ (रंग बदलणारी तयार फाइल) उतरवून काम होईल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. माझं याबद्दलचं मत कडक आहे आणि ते बदलणार नाही. लाल शर्ट आणि हिरवी भिंत रंगात भांडतात, पण रंग काढला की दोन्ही एकच करडी होऊ शकतात. आमचं रक्त गडद कोटावर पडलं आणि दिसेनासंच झालं. ‘सिन सिटी’त पांढरं रक्त मिळवण्यासाठी अतिनील दिव्यात चमकणारा द्रव वापरला होता. पिवळ्या खलनायकाला सेटवर निळं रंगवलं होतं, कारण हिरव्या पडद्यासमोर पिवळा वेगळा काढणं अवघड. म्हणजे शेवटी काय दिसणार हे शूटिंगआधी ठरलेलं होतं. फोनचा कॅमेरा मोनोक्रोमवर टाकून कपडे, भिंत, रक्त तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

गुरू शोधत असाल तर दिग्दर्शकाच्या मागे लागू नका, एडिटर शोधा. मला ‘फ्रेम बाय फ्रेम उचल, जग तेच करतंय’ असा सल्ला देणारे सर उत्तम बोलायचे, पण टाइमलाइनवर बसून त्यांनी वर्षानुवर्षं काही कापलं नव्हतं. मला वाचवलं ते लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्या एका ताईंनी. त्यांनी आवाज बंद करून फिल्म पाहिली आणि म्हणाल्या, ‘अगं, हा कुठेच जात नाहीये.’

आणि चित्रकाराला सेटवर ठेवा. रॉड्रिग्जने आधी एक छोटा प्रसंग शूट करून मिलरला दाखवला, त्याचा होकार मिळवला, तोच प्रसंग पुढे फिल्मची सुरुवात झाला. मिलरला सहदिग्दर्शक म्हणून श्रेय द्यायला अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेचा नियम आड आला तेव्हा रॉड्रिग्जने संघटनाच सोडली. मित्र असला तरी कागद करा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देणं लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आम्ही तोंडी ठरवलं होतं, आणि एका महोत्सवाने कागद मागितला त्या आठवड्यात आमची मैत्री तुटता तुटता राहिली.

हे सगळं वाचून छातीत धडधडत असेल तर एक सांगते, चौसष्ट शॉटपैकी एकोणीस आम्ही नव्या कटमध्ये वापरले. वाया गेलं असं वाटणारं सगळं वाया जात नाही. अकरा मिनिटांची फिल्म सात मिनिटांची झाली आणि जिन्याचा शॉट मात्र चौदा सेकंदांचा झाला, म्हणजे आधीपेक्षा लांब. आता त्यात तो माणूस पायरी चढतो, थांबतो, एक पायरी मागे येतो. खालच्या पाण्याचा आवाज मी आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात पहाटे तीन वाजता रेकॉर्ड केला. दुसऱ्या मजल्यावर बादली, पहिल्या मजल्यावर माइक, आणि वर टाकीजवळ मित्र अनवाणी चालत होता.