घराला कच्च्या वनस्पतिज आहाराकडे नेताना या चुका टाळा

दूध, दही, तूप आणि मध वर्ज्य, शिवाय साधारण ४२ ते ४८ अंश सेल्सियसच्या वर तापवलेले काहीही वर्ज्य, अशी कच्च्या वनस्पतिज आहाराची व्याख्या त्याचे अनुयायी करतात. एखाद्या निरोगी प्रौढ माणसाने असा आहार काही आठवडे करून पाहणे ही एक गोष्ट आहे. चार वर्षांची मुलगी, चाळिशीतले आईवडील आणि मधुमेहाची गोळी घेणारे आजोबा यांना एकाच ताटावर आणणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. आमच्या घरी आम्ही हा प्रयोग केला. त्यातला जो भाग झेपला तो आजही चालू आहे आणि जो झेपला नाही तो सोडून दिला. जवळच्या काही घरांतही हाच उत्साह आणि त्यानंतरचा थकवा मी पाहिला आहे. बहुतेक ठिकाणी चूक एकाच जागी होते: निर्णय एक माणूस घेतो आणि गॅस मात्र सगळ्यांसाठी बंद होतो.

सर्वांना एकच ताट वाढणे

काकडीच्या शंभर ग्रॅममध्ये पंधराच्या आसपास उष्मांक असतात, गाजरात चाळीस आणि कलिंगडात तीस. चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे तेराशे उष्मांक लागतात. ते नुसत्या कलिंगडातून भरून काढायचे म्हटले तर चार किलोंहून अधिक कलिंगड खावे लागेल. मुलाचे पोट लहान असते, ते पाण्याने आणि चोथ्याने लवकर भरते, आणि "आज पोटभर जेवली" असे आपण समाधानाने म्हणत असतानाच तिची वाढ मागे पडू लागते. ओले खोबरे (शंभर ग्रॅमला साधारण साडेतीनशे उष्मांक), भिजवलेले शेंगदाणे, तीळ, अक्रोड आणि खजूर यांनी ही तूट काही प्रमाणात भरता येते. मात्र लहान मुलांना अख्खे दाणे आणि गाजराचे कडक तुकडे घशात अडकण्याचा धोका असतो, म्हणून दाणे वाटून आणि गाजर किसूनच द्यावे लागते.

माझे मत स्पष्ट आहे. वाढत्या वयातील मुले, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना पूर्णपणे कच्च्या आहारावर नेऊ नये. त्यांच्या ताटात कोशिंबिरी, फळे आणि खोबरे वाढवावे, पण भात, वरण, भाकरी आणि उसळ तशीच राहू द्यावी. मुलाचे वजन आणि उंची दर महिन्याला त्याच वजनकाट्यावर मोजून बालरोगतज्ज्ञांच्या वाढीच्या तक्त्यावर नोंदवावी. रेषा आडवी होऊ लागली तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता आहार बदलावा.

आजी-आजोबांचा प्रश्न निराळा असतो. कवळी असलेल्या माणसाला रोज दोन वाट्या कच्ची भाजी चावणे जमत नाही. मग ते निमूटपणे कमी खातात आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. साखर कमी करणारी औषधे किंवा इन्शुलिन चालू असताना धान्य अचानक बंद केले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवले, तर त्यातील व्हिटॅमिन के मुळे औषधाचा परिणाम बदलतो. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याला शहाळ्याचे पाणी आणि फळांचे रस यांतील पोटॅशियम झेपत नाही. औषध चालू असलेल्या माणसाच्या ताटाला हात लावण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे, आणि तेही बदल झाल्यावर नव्हे तर आधी बोलणे, अनिवार्य आहे.

बी-१२ हा नंतरचा विषय समजणे

या आहारातील सर्वांत गंभीर चूक हीच आहे आणि महाराष्ट्रात ती अधिकच गंभीर ठरते. व्हिटॅमिन बी-१२ वनस्पतींमध्ये नसते. मोड आलेल्या धान्यातून ते मिळत नाही, आणि स्पिरुलिनात (खाण्याच्या निळसर-हिरव्या शेवाळात) जे आढळते ते बहुतांशी मानवी शरीराला निरुपयोगी रूपात असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये बी-१२ कमी आढळले. या स्त्रिया कच्चा आहार घेणाऱ्या नव्हत्या, नेहमीचे जेवण जेवणाऱ्या होत्या. म्हणजे आपल्याकडील अनेक घरे हा प्रयोग सुरू करतात तेव्हा शरीरातील साठा आधीच तळाशी गेलेला असतो. युरोपातील मांसाहारी माणसाला साठा संपायला काही वर्षे लागतात, म्हणून आपल्यालाही लागतील असे धरून चालणे चुकीचे आहे.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष इथे थेट लागू पडतो. ज्या मातांमध्ये फोलेट (बी गटातील आणखी एक व्हिटॅमिन) भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी शरीराने इन्शुलिनला दाद न देण्याचे (मधुमेहाकडे झुकणाऱ्या स्थितीचे) प्रमाण सर्वाधिक आढळले. कच्च्या पालेभाज्यांतून फोलेट भरपूर मिळते. ते बी-१२ च्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय झाकून टाकते आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालू राहते. म्हणून हिमोग्लोबिन चांगले आहे यावर निश्चिंत होऊ नये. तळपायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा आणि जीभ लाल होऊन झोंबणे ही लक्षणे दिसली तर तपासणी त्याच आठवड्यात करावी. आईमध्ये बी-१२ ची कमतरता असेल आणि बाळ केवळ अंगावर पीत असेल, तर बाळाची वाढ खुंटते, ते सुस्त होते आणि काही बाळांचे हातपाय थरथरू लागतात. बालरोगतज्ज्ञांना हा विकार चांगला परिचित आहे. सुरुवात करण्यापूर्वी सर्वांची बी-१२ आणि व्हिटॅमिन डी ची तपासणी, आणि पहिल्या दिवसापासून डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेची गोळी, एवढे झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जे शिजवूनच खायचे ते कच्चे खाणे

आपल्या पूर्वजांनी काही पदार्थ शिजवण्याचा आग्रह धरला त्याला कारण होते. कच्च्या राजम्यात असे विषारी प्रथिन असते की चार-पाच दाण्यांनीही काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. भिजवून मोड आणल्याने ते पुरेसे नष्ट होत नाही, त्यासाठी राजमा खळखळून उकळावाच लागतो. सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. वालात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात, म्हणून कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून आणि शिजवून खाण्याची रीत पडली. अळू आणि सुरण यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. ठाणे-रायगडकडे पावसाच्या सुरुवातीला येणारी शेवळे ही रानभाजी काकड या झाडाच्या आंबट फळांबरोबर शिजवतात तेही घशाची खाज टाळण्यासाठीच. बांबूचे कोवळे कोंबही शिजवूनच खायचे असतात.

दुधी भोपळ्याच्या रसाबद्दल विशेष सांगायला हवे, कारण आरोग्याच्या नावाखाली सकाळी उपाशीपोटी तो घेण्याची पद्धत आपल्याकडे रुजली आहे. दुधी कडू निघाला तर त्यात क्युकरबिटासिन नावाचे विष वाढलेले असते, त्याने रक्ताच्या उलट्या होतात आणि देशात या रसाने मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कडू रस कदापि पिऊ नये असा इशारा दिलेला आहे. दुधी चिरल्यावर छोटा तुकडा चाखावा, किंचित जरी कडू लागला तरी अख्खा दुधी टाकून द्यावा, आणि लिंबू, पुदिना किंवा मध घालून कडवटपणा झाकण्याचा प्रयत्न करू नये. काकडीचे टोक कापून चाखून पाहण्याची आपल्या घरांतील सवय याच कारणासाठी मोलाची आहे.

मूग आणि मटकी मोड आणून कच्चे खाता येतात. तरीही मुगाच्या मोडांविषयी एक गैरसमज दूर व्हायला हवा. कोरड्या मुगात शंभर ग्रॅममागे सुमारे चोवीस ग्रॅम प्रथिने असतात. लांब मोड आलेल्या मुगात पाणीच इतके भरलेले असते की त्याच शंभर ग्रॅममध्ये जेमतेम तीन ग्रॅम उरतात. मूठभर मोडांत दिवसाची प्रथिने आली असे मानणारी घरे मी पाहिली आहेत. त्या घरांतील माणसे दुपारी चारला कशाने थकतात हे त्यांना उमगत नाही.

ओलावा, पाऊस आणि फडके

मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही लागते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई-कोलाय जंतूंचा जो उद्रेक झाला त्यात सुमारे चार हजार माणसे आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. मोडाचे फडके रोज उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावे, धान्य दिवसातून दोनदा पिण्याच्या पाण्याने धुवावे, मोड आल्यावर शीतकपाटात ठेवून दोन दिवसांत संपवावे, आणि चिकट किंवा आंबूस झालेले मोड धुऊन वापरण्याऐवजी टाकून द्यावे. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांना मोड वाफवूनच द्यावेत.

पावसाळ्यात पालेभाजी टाळण्याची चातुर्मासातील जुनी रीत या आहारात विसरून चालणार नाही. चिखलाचे पाणी लागलेल्या पालेभाजीवरून हगवण, विषमज्वर आणि कावीळ यांचे जंतू येतात, आणि डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होण्याचा धोकाही असतो. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवल्याने यांतले सगळेच मरत नाही. जून ते सप्टेंबर या काळात सोलता येतील अशाच भाज्या आणि फळे कच्ची खावीत आणि पालेभाज्या शिजवाव्यात, असे आम्ही घरी ठरवले आहे.

दुखणे आले की "विषे बाहेर पडताहेत" असे म्हणणे

पहिल्या पंधरवड्यात पोट फुगणे आणि वारा धरणे साहजिक आहे. चोथा एकदम वाढलेला असतो. त्यावर कच्च्या कोबीचे आणि मोडांचे प्रमाण निम्मे करावे, किसून आणि सावकाश चावून खावे, आणि आठवड्याला एक-एक वाटी वाढवावे. एवढ्याने ते शमते. पण केस गळणे, सतत थंडी वाजणे, चक्कर येणे, वजन महिन्याला दोन किलोंहून अधिक उतरणे किंवा पाळी चुकणे हे शरीर स्वच्छ होत असल्याचे लक्षण नव्हे, ते उपासमारीचे लक्षण आहे. जर्मनीतील गीसेन येथे दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्यांचा अभ्यास झाला आणि तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पंचेचाळिशीच्या आतील सुमारे तीस टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा थांबलेली आढळली. पाळी थांबली की हाडेही झिजू लागतात. "थोडे दिवस कळ काढ" हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी तो मानू नये.

गांधीजींनी हा प्रयोग १८९३ मध्ये प्रिटोरियात आणि १९२९ मध्ये आश्रमात केला. दोन्ही वेळा तब्येत खालावल्यावर त्यांनी तो थांबवला आणि तसे उघडपणे लिहिले. एवढ्या निग्रही माणसाने शरीराचे म्हणणे ऐकले, ही गोष्ट मला फार धीर देते.

लहान वाटणाऱ्या काही गोष्टी

पोहे, कुरमुरे, साबुदाणा आणि गूळ हे सगळे तयार होताना तापवलेलेच असतात, आणि बाजारातील "कच्चा" काजूही कवच फोडण्यापूर्वी वाफवलेला किंवा भाजलेला असतो. खरा कच्चा हवा असेल तर उन्हाळ्यात कोकणातून येणारे ओले काजूगर घ्यावेत. तथापि व्याख्येसाठी दडपे पोहे घरातून हद्दपार करण्यात मला अर्थ वाटत नाही, मुलांना त्यांतून उष्मांक मिळतात. बुरशी लागलेले किंवा सुरकुतलेले शेंगदाणे निवडून फेकावेत. शुद्ध म्हणून सैंधव वापरायला लागलेल्या घरांत आयोडीन तुटते, म्हणून आयोडीनयुक्त मीठच ठेवावे. लिंबू आणि खजूर यांचा दिवसभर मारा झाला की दात शिवशिवू लागतात, खाल्ल्यावर साध्या पाण्याने खळखळून चुळा भराव्यात.

क्रम कसा ठेवावा

पहिला महिना फक्त न्याहारी बदलावी: फळे, भिजवलेले बदाम-अक्रोड, वाटलेले तीळ आणि जवस. दुसऱ्या महिन्यात दुपारच्या जेवणात कोशिंबिरीची वाटी मोठी करावी. दह्याऐवजी नारळाचे दूध किंवा भिजवलेल्या शेंगदाण्यांचे वाटण घालावे आणि फोडणीऐवजी हिरवी मिरची, लिंबू आणि कोथिंबीर चुरडून लावावी. जोडीला आमसुलाची सोलकढी असली की कोणी तक्रार करत नाही. दूध बंद करणाऱ्याने कॅल्शियमसाठी न सोललेले तीळ रोज खावेत. टोमॅटो आणि गाजर अधूनमधून शिजवून खावेत, कारण त्यांतील लायकोपीन आणि बीटा-कॅरोटीन ही पोषक रंगद्रव्ये शिजवल्याने शरीराला अधिक मिळते.

रात्रीचे जेवण आमच्याकडे शिजलेलेच राहिले. संध्याकाळी सगळे एकत्र बसतात, सासूबाईंना मऊ भात लागतो आणि मुलीला वरण आवडते. ज्याला कच्चेच हवे तो आपली वाटी घेऊन त्याच पंगतीत बसतो. तीन महिन्यांनी पुन्हा रक्ततपासणी करून बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी पाहावे आणि त्या कागदावर पुढचा महिना ठरवावा.