मांजराच्या घरात विणकाम: लोकर, सुया आणि मांजर तिन्ही सुखरूप कसं ठेवायचं

लोकरीचा गुंडा दिवसभर टोपलीत पडून असतो, तेव्हा मांजर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तुम्ही सुया हातात घेतल्या की मात्र ते हजर! हा मत्सर नव्हे आणि खोडीही नव्हे. विणताना धागा सलग सरकत नाही. दोन-चार टाक्यांनंतर एक हिसका, मग जरा थांबणं, पुन्हा हिसका. छोटं सावज असंच पळतं आणि थबकतं. शिवाय खाली गुंडा गडगडतो आणि सुईचं मागचं टोक हवेत नाचत राहतं. मांजराला ‘नको’ म्हणून काही उपयोग होत नाही तो यामुळे. आधी ही हालचाल कमी करायची, मग बाकीचे उपाय.

धागा हलता दिसू देऊ नका

गुंडा बाहेरून उलगडला तर तो गडगडणारच. त्याऐवजी आतलं टोक शोधून धागा गुंड्याच्या पोटातून काढा, म्हणजे गुंडा जागचा हलत नाही. लडी असेल तर विणायला घेण्यापूर्वीच तिचा आतून निघणारा गुंडा करून घ्या, आणि हे काम मांजर झोपलेलं असताना करा. लडी उलगडताना पाहणं हा मांजरासाठी अख्खा उत्सव असतो.

ओळ सुरू करण्याआधी लागेल तेवढा धागा ओढून मोकळा ठेवा. साध्या सुलट विणीत एका ओळीला रुंदीच्या साधारण तिप्पट-चौपट धागा लागतो. पाठीचा भाग 50 सेंटिमीटर रुंद असेल तर दीड ते दोन मीटर काढून मांडी आणि खुर्चीचा हात यांच्या मधल्या फटीत सैल सोडा. मग हिसका गुंड्यापर्यंत पोचतच नाही. धागा पुढून, पायांवरून न आणता पाठीमागून किंवा बगलेखालून आणला तर तो मांजराच्या नजरेतही येत नाही.

लांब सरळ सुयांची मागची टोकं कोपराबाहेर डोलतात, म्हणून सपाट विणीलाही सर्क्युलर सुया, म्हणजे लवचिक केबलने जोडलेल्या दोन आखूड सुया, वापरा. विणीचं वजन मांडीवर राहतं आणि हलणारं टोक उरत नाही. त्यांची मधली केबल मात्र मांजराला चावायला आवडते. दातांचे चरे पडले की टाके तिथे अडकतात आणि केबल बदलावीच लागते. काम थांबलं की ती बाहेर लोंबू देऊ नका.

गुंडा ठेवायला डबा

उघडी टोपली किंवा विणकामाचा उघडा वाडगा मांजरापुढे टिकत नाही. घट्ट फिरकीच्या झाकणाची मोठी बरणी किंवा चारही बाजूंनी लॉक होणारा प्लास्टिकचा डबा घ्या. झाकणाला 8 ते 10 मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्याची कड बारीक सॅंडपेपरने गुळगुळीत करा. खरखरीत कडेवर लोकर घासून तंतू उठतात. पत्र्याचा डबा नको, त्याची कापलेली कड धागाही कापते आणि पंजाही. 50 किंवा 100 ग्रॅमच्या गुंड्याने डब्याला वजन येत नाही आणि पंजाच्या एका फटक्यात तो आडवा होतो, म्हणून तळाशी एखादा जड, सपाट दगड कापडात गुंडाळून ठेवा. दोन रंगांचं काम असेल तर दोन भोकं पाडा. एकाच भोकातून दोन धागे पीळ घेतात, आणि ते सोडवत बसलात की मांजर मदतीला येतं.

नाडी ओढून बंद होणारी कापडी पिशवी दिसायला छान असते, पण ती नाडी म्हणजे आणखी एक दोरी. चेनची पिशवी बरी.

विणायला बसण्याआधी

पहाटे आणि संध्याकाळी मांजराच्या अंगात सर्वांत जास्त शिकार असते. नेमक्या त्याच वेळी विणायला बसलात तर अर्धी लढाई तिथेच हरलात. सकाळ उलटल्यावर किंवा दुपारी बसा. संध्याकाळीच वेळ मिळत असेल तर आधी मांजराचा कार्यक्रम उरकून घ्या.

काठीला बांधलेलं पिसांचं खेळणं घ्या आणि 10 ते 15 मिनिटं खेळवा. खेळणं मांजराच्या तोंडासमोर नाचवायचं नाही. ते त्याच्यापासून दूर, सोफ्याच्या आडून, जमिनीलगत पळवायचं. शेवटची दोन मिनिटं वेग कमी करत न्या आणि त्याला ते पकडू द्या, चावू द्या. लगेच जेवण द्या. दबा, झेप, चावा, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा ठरलेला क्रम आहे. तो पूर्ण झाला की पुढचा तासभर तुमचा. लेझरच्या ठिपक्याने हा क्रम पुरा होत नाही, कारण पकडायला हाती काही येत नाही. तो वापरलाच तर शेवट खऱ्या खेळण्यावर करा. काठीचं खेळणंही खेळ संपला की कपाटात ठेवायचं, त्यालाही दोरी असते.

उरलेल्या लोकरीचा गुंडा मांजराला खेळायला देऊ नका. एक गुंडा खेळायचा आणि दुसरा नाही, हा भेद त्याला कळत नाही.

काही मांजरांना शिकारीत रस नसतो, त्यांना तुमच्या मांडीची ऊब हवी असते. मांजराला अंगची उष्णता टिकवायला जास्तीची शक्ती खर्च करावी लागू नये यासाठी भोवतालचं तापमान साधारण 30 ते 38 अंश सेल्सियस लागतं. माणसाला बऱ्या वाटणाऱ्या खोलीत ते कायम ऊब शोधत असतं. तुमच्या खुर्चीला खेटून, तिच्या बैठकीएवढ्या उंचीवर, एक खोका ठेवा आणि त्यात तुम्ही वापरलेली जुनी शाल घाला. तिथे बसलं की कौतुक, विणीवर पाय टाकला की न बोलता उचलून पुन्हा खोक्यात. ओरडणं, पाणी उडवणं यातून मांजर एवढंच शिकतं की सुया हातात असताना तुमच्या जवळ येऊ नये.

वर्षाच्या आतल्या पिल्लापुढे मात्र यातलं फारसं काही चालत नाही. तिथे सरळ दार लावून बसा.

धागा तोंडात गेला तर

या साऱ्या काळजीचं खरं कारण स्वेटर नाही. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात आलेला धागा थुंकणं त्याला अवघड जातं. तो आतच सरकत राहतो. धाग्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं आणि उरलेला धागा आतड्यात उतरतो. आतडं नेहमीसारखं आकुंचन पावत तो पुढे ढकलू पाहतं, पण टोक अडकलेलं असल्याने धाग्याऐवजी आतडंच गोळा होत जातं. नाडी ओढल्यावर नेफ्याला चुण्या पडतात, तसं. ताणलेला धागा मग आतड्याची भिंत कापू शकतो, आणि हे जिवावर बेततं.

वारंवार उलट्या, जेवण सोडणं, लपून बसणं, लाळ गळणं, पोटाला हात लावू न देणं ही लक्षणं. ती बहुधा एक-दोन दिवसांत दिसतात, कधी जास्त वेळही लागतो. पण लक्षणांची वाट पाहायची नाही. धागा गिळला असेल अशी शंका आली तरी त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. धागा जठरात असेपर्यंत तो दुर्बिणीने काढता येण्याची शक्यता असते, आतड्यात उतरला की बहुधा शस्त्रक्रिया.

तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा बाहेर लोंबताना दिसला तर तो ओढू नका. आत ताणलेला धागा ओढला की तो तिथेच कापतो. उलटी करवू नका, तेल किंवा जुलाबाचं काही पाजू नका. भूल द्यावी लागू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय खायलाही घालू नका. जाताना त्याच लोकरीचा तुकडा सोबत न्या आणि किती लांबीचा धागा गेला असेल, किती वाजता, हे सांगा. एक्स-रेत धागा सहसा दिसत नाही, चुण्या पडलेलं आतडं दिसतं. सुई मात्र स्पष्ट दिसते.

धागा तुटलेला सापडला की दोन्ही टोकं आणि सांडलेले तुकडे शेजारी ठेवून जुळवा. मध्ये काही कमी पडतंय असं वाटलं तर ते पोटात गेलं असं धरून चाला.

भरतकामात धोका दुप्पट, कारण धाग्याला सुई ओवलेली असते आणि धाग्यापाठोपाठ सुईही गिळली जाते. सुई रिंगच्या कापडात टोचून ठेवून उठू नका. प्रत्येक वेळी सुईच्या डबीत. कापलेले धागे टेबलावर साचू न देता झाकणाच्या छोट्या बरणीत टाका.

लोकर चोखण्याची सवय ही वेगळी गोष्ट. सयामी आणि बर्मी मांजरांत, तसंच आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लांत ती जास्त दिसते. नुसतं चोखणं चालून जाईल, पण मांजर लोकर तोडून गिळत असेल तर खेळ वाढवून भागणार नाही, डॉक्टरांना दाखवा.

टाके वाचवणं आणि दुरुस्ती

उठायचं ते ओळ संपवून. टाके सुईच्या मध्यावर सरकवा, दोन्ही टोकांना रबरी टोप्या लावा, वीण डब्यात, डबा कपाटात. दाराची घंटा वाजली तरी हाच क्रम. जाळीदार किंवा नक्षीच्या विणीत दर 10 ते 20 ओळींनी बोथट सुईने एक गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती धागा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. मांजराने सुईच उपसली तरी उसवण त्या ओळीवर थांबते. क्रोशात एकच टाका मोकळा असतो, त्यात सेफ्टी पिन अडकवली की पुरे.

पंजा धाग्यात अडकला असेल तेव्हा ओढाओढ करू नका. ओढलं की सावज जिवंत आहे असं मांजराला वाटतं आणि पकड घट्ट होते. धागा सैल सोडा, हात स्थिर ठेवा, दुसऱ्या हाताने खेळणं बाजूला फेका. ते सुटल्यावर नख अडकलंय का ते पाहा.

नखाने एखादा टाका लूप होऊन बाहेर आला तर तो कापू नका. त्याच ओळीत दोन्ही बाजूंचे टाके आवळलेले दिसतील. बोथट सुईने लूपमधली ढील एकेका टाक्यात थोडी थोडी परत सरकवा, लूपजवळच्या टाक्यापासून बाहेरच्या बाजूला. शेवटी तो भाग ओला करून वाळवा.

चावलेला धागा जोडून वापरू नका. तंतू कमजोर झालेले असतात, तेवढा भाग कापून टाका. शुद्ध मेंढीची, मशीनमध्ये धुण्याजोगी नसलेली लोकर असेल तर दोन्ही टोकांचा 6-7 सेंटिमीटर भाग उकलून अर्धे पदर तोडा. टोकं एकमेकांवर ठेवून कोमट पाण्याचे थेंब टाका आणि तळहातांत गरम होईपर्यंत चोळा. तंतू एकमेकांत गुंतून नमदा जमतो आणि जोड पक्का होतो. ॲक्रिलिक आणि सुती धाग्यात हे होत नाही. तिथे दोन्ही बाजूंना 15 सेंटिमीटरची शेपटी सोडून ती नंतर विणीत ओवायची.

राहिला साठवणीचा प्रश्न. लोकरीत डांबराच्या गोळ्या टाकण्याची सवय मांजराच्या घरात सोडा. त्यातलं नॅफ्थलीन मांजराला विषारी आहे. मांजर दूर राहावं म्हणून लोकरीवर टी ट्री, निलगिरी किंवा लिंबाचं तेल शिंपडणंही तितकंच वाईट, कारण अंगाला लागलेलं तेल चाटून पोटात जातं. लोकर धुऊन, पूर्ण वाळवून, हवाबंद डब्यात ठेवली तर कसरीपासूनही वाचते.

तयार स्वेटर ओला करून, ताणून, टाचण्या लावून वाळवता तेव्हा त्या खोलीला कडी लावा. मऊ, पसरलेलं, लोकरीचं अंथरूण मांजर सोडत नाही, आणि त्यात टाचण्या असतात. लावताना टाचण्या मोजून आकडा कागदावर लिहा, काढल्यावर पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली तरी लोहचुंबक जमिनीवरून फिरवून ती सापडेपर्यंत दार उघडायचं नाही.