आयपी फोन जोडताय? आधी राउटर बघा
ऑफिसातले आयपी फोन, म्हणजे इंटरनेटवरून चालणारे फोन, ब्रॉडबँडवर घेतले, रिंग वाजते, पण समोरच्याचा आवाजच येत नाही? फोन बदलायची घाई नको. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘सिप एएलजी’ (इंटरनेट कॉल राउटरमधून पार व्हावेत म्हणून दिलेली सोय) शोधा आणि बंद करा. नावाला मदतनीस, पण कॉलच्या डेटा-पॅकेटमधले पत्ते बदलून बऱ्याचदा घोळच घालते. वेगाचं म्हणाल, तर जी.७११ कोडेकवर (आवाजाचा डिजिटल डेटा करायची एक पद्धत) एका कॉलला जाता-येता प्रत्येकी सुमारे ८७ केबीपीएस लागतात. १० कॉल एकदम चालले तरी १ एमबीपीएसच्या आत. अडतं अपलोडवर. कुणी मोठा बॅकअप चढवायला लावला की आवाज तुटतो, म्हणून क्यूओएसमध्ये (कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी राउटरची सेटिंग) फोनला अग्रक्रम द्या. आणि हो, राउटर-स्विच यूपीएसवर घ्या. जुने लँडलाइन वीज गेल्यावरही चालायचे, हे फोन चालत नाहीत.