महागडी टेली-झूम घ्यायची की नाही, हे कसं ठरवावं

टेली-झूम म्हणजे लांबचे पक्षी-प्राणी जवळ ओढणारी लेन्स. तिचे रिव्ह्यू बघण्याआधी स्वतःचे जुने फोटो उघडा. लाइटरूममध्ये (फोटो निवडायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर) फोकल लेंथचा (लेन्स किती लांबचं ओढते तो मिमीतला आकडा) फिल्टर लावा. आवडते फोटो बहुतेक झूमच्या शेवटच्या टोकाला काढलेले असतील आणि तरीही क्रॉप करावे लागले असतील, तर पुढे वाचा. नसतील तर पैसे भिगवणच्या बोटीला आणि ताडोबाच्या जिप्सीला लावा.

मग लेन्स शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणा.

खरी गोम आहे ती चाचणीत. दुकानाच्या दारात उभं राहून समोरच्या पाटीचा फोटो काढायचा आणि स्क्रीनवर मोठा करून 'काय शार्प आहे!' म्हणायचं, याला चाचणी म्हणत नाहीत. भर दुपारी डांबरी रस्त्यावरची हवा तापून हलत असते, आणि ६०० मिमीला ती थरथरही मोठी होऊन दिसते. भिगवणला ऊन चढल्यावर लांबच्या रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगो) पाय वितळल्यासारखे येतात ते यामुळेच. त्यावर लेन्सचा इलाज नाही. लवकर निघा, बोट जवळ न्या, पण थवा उठेल इतकी नाही.

तेव्हा चाचणी सकाळीच करा. वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा, पंधरा-वीस मीटर मागे या, लेन्सपुढचा यूव्ही फिल्टर काढा. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवा, कारण पहाटेच्या जंगलात तुम्ही ते तसंच वापरणार आहात. जुनी लेन्स ३०० ला, नवी ६०० ला, दोन्हींचे आठ-दहा फोटो काढा. एकावर निकाल देऊ नका, फोकस दर वेळी थोडा इकडेतिकडे होतोच.

आता जुन्या लेन्सचा फोटो नव्याच्या चौकटीएवढा क्रॉप करा. पिक्सेल चौथाईच उरतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे ६. एवढ्यात साधारण १० बाय ७ इंचांची उत्तम प्रिंट निघते. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपला तर हे उरून पुरतं. दोन्ही फोटो त्याच आकारात घरच्या कुणाला तरी दाखवा, कुठला कशाने काढलाय ते सांगू नका. त्यांना फरक दिसला नाही तर विषय संपला. ए३ प्रिंट काढून भिंतीवर लावणार असाल तर मात्र फरक दिसेलच.

भिंत झाली की घार. मासळीबाजारावर हव्या तेवढ्या घिरट्या घालत असतात. वीसेक फोटोंत डोळा किती वेळा फोकसमध्ये सापडतो ते मोजा. स्टॅबिलायझेशनच्या भरवशावर शटर उतरवू नका, ते तुमचा हात सावरतं, घारीचे पंख थांबवत नाही.

आता प्रकाशाचा हिशोब. ॲपर्चर एफच्या आकड्यात मोजतात, आकडा मोठा तर छिद्र लहान. एफ २.८ वरून एफ ५.६ ला आलात की प्रकाश चौथाई होतो. मग आयएसओ (कॅमेरा प्रकाश किती वाढवून घेतो तो आकडा; वाढला की फोटो दाणेदार होतो) १६०० होता तिथे ६४०० लागतो. आपल्या कॅमेऱ्याचा ६४०० चा फोटो बघवतो का, ते आधीच तपासा.

वजनाबद्दल एवढंच: सोनीची २००-६०० दोन किलोंच्या वर जाते, कॅननची आरएफ १००-५०० दीडच्या आसपास. भाड्याची लेन्स तासभर हातात धरून चाला.

सेकंडहँड घेणार असाल, त्यातून मुंबई-कोकणातली, तर मागच्या बाजूने टॉर्च मारून आरपार बघा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर भाव कितीही उतरवला तरी उठून या.