जुना घोडा (ट्रेलर ओढणारा ट्रक) विकायचा की इंजिन बांधायचं, म्हणजे खोलून नव्याने जुळवायचं?
कळंबोलीत कुणी ‘इंजिन गेलं, घोडा विका’ म्हणालं तरी घाई करू नका. सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण टर्बोचं (इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या भागाचं) सीलही तपासा. कित्येक चांगली इंजिनं तेवढ्यावरून उगाच खोलली जातात. गरम झाल्यावरही पांढराच धूर आला तर कूलंट किंवा इंजेक्टर बघा. काळा असेल तर आधी एअर फिल्टर.

मग इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. हवा जोरात फेकली जात असेल तर पिस्टनच्या रिंगा, सिलिंडरचे लायनर झिजलेत. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल दिसलं, म्हणजे त्यात कूलंट मिसळलं असेल, तर गाडी हलवूच नका.

बांधणीचा खर्च नव्या गाडीच्या हप्त्यांशी ताडा. ८ वर्षांनंतर आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी काढावं लागतं, तेही धरा. चासीला तडे असतील तर मी पैसे घालणार नाही.